शेवटची कोरी जागा

लाइट गेली की लोक मेणबत्ती शोधतात. आमचे सर बटणं शोधत. अंधारात भिंत चाचपत, टेबलांना धडकत ते खोलीतलं एकेक बटण बंद करत जात: पंखा, ट्यूब, सोल्डरिंग आयर्न, तपासणीच्या टेबलावरचे चारही सॉकेट. मग खुर्चीत येऊन हाताची घडी घालून बसत. लाइट परत आली की नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ओळीतले सगळे गाळे एकदम उजळत, शेजारच्या पत्रा दाबायच्या प्रेस धडधडायला लागत, पलीकडचा रेडिओ मध्येच कुठूनतरी गायला लागे. आमचा गाळा तेवढा काळोखात. ते सावकाश उठत, मेन स्विचपाशी उभे राहत आणि मोठ्यांदा म्हणत, "आहे का कोणी? हात बाजूला."

उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम. खोलीत एकटेच असले तरी विचारत, आणि थोडा वेळ वाट पाहत. आमचा शिपाई एकदा दाराआडून म्हणाला, "कोणी नाही सर, भूत आहे."

"मग भुताला सांग, हात बाजूला घे."

हे विनोदानं म्हटलेलं नव्हतं. ते विनोद करत नसत. त्यांच्या वाक्यांना लोक हसत, तेव्हा ते हसणाऱ्याकडे बघून, आपलं काही चुकलं का याचा विचार करत.

मी डिप्लोमा करून त्या गाळ्यात कामाला लागले तेव्हा ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान सांभाळणारी मशीनं आम्ही करायचो. पत्र्याची पेटी, पुढे एक हिरवं आणि एक लाल बटण, आत एक कार्ड आणि कार्डावर एक चिप. मशीनचं सगळं शहाणपण त्या चिपमध्ये. चिपला वरून काचेची बारीक खिडकी असे. त्या खिडकीतून विशिष्ट दिव्याचा प्रकाश सोडला की आतलं सगळं पुसलं जाई आणि चिप पुन्हा कोरी होई. प्रोग्राम लिहिणं आणि चिप भरणं हे त्यांचं काम. माझं काम तपासणी, नोंदी आणि सुटे भाग. याद्या मी शाळेपासून करते, त्यामुळे ते काम मला मिळालं आणि 'यादीबाई' हे नावही. नाव त्यांनीच ठेवलं. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो.

माझी मुलाखत त्यांनी घेतली. सर्टिफिकेटं बघितलीच नाहीत.

"सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करता?"

"दुधाची पिशवी आत घेते."

"त्याआधी?"

"अंथरूण काढते."

"त्याआधी?"

"डोळे उघडते."

"त्याआधी?"

मी सर्टिफिकेटांची फाइल सरळ केली. ते जरा निराश झाल्यासारखे दिसले. म्हणाले, "त्याआधी आपण कोण आणि कुठे आहोत हे ठरतं. माणसाचं कसं ठरतं मला माहीत नाही. मशीनचं मी ठरवतो. लाइट आल्यावर मशीन पहिल्यांदा काय करतं तेवढं मला सांगा. पुढचं कोणीही लिहील."

हे शेवटचं वाक्य मी पुढे निदान शंभरदा ऐकलं. त्यांच्या प्रोग्रामचा जवळजवळ निम्मा भाग मशीन नुसतं जागं होण्यात जाई. आपली स्मरणाची प्रत्येक जागा लिहून, वाचून तपासायची. तापमानाची तार जोडलेली आहे का बघायचं. घड्याळ चालतंय का बघायचं. एवढं झालं की थांबायचं, हिरवं बटण दाबण्याची वाट बघत. साहेब, म्हणजे आमचे मालक, म्हणायचे, "अहो, जागं होण्यातच दमतंय बिचारं!"

त्यांच्या प्रोग्रामचं पहिलं पान हे खास प्रकरण होतं. त्यावर सव्वीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे हो किंवा नाही. खोल्या दोन आहेत का? घंटा बसवलीय का? पंखे वेगळे चालतात का? त्या पानावरच्या उत्तरांप्रमाणे प्रोग्रामचे तुकडे आत यायचे किंवा बाहेर राहायचे, आणि मग चिपमध्ये मावेल असा एक प्रोग्राम तयार व्हायचा. आमच्या कॉम्प्युटरला त्यासाठी चाळीस मिनिटं लागत. चिपमध्ये जागा अगदी थोडी, म्हणून प्रत्येक ओळीला ते एकच प्रश्न विचारत: नसलं तर काय बिघडेल? ही सवय कॅन्टीनपर्यंत पोचली होती. वेलदोडा नको, आलं नको, साखर नको, दूध नसलं तर काय बिघडेल? कॅन्टीनवाला म्हणाला, "सर, चहापत्ती तरी ठेवू की गरम पाणीच देऊ?" त्यांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "पत्ती ठेवा."

एका उन्हाळ्यात चिपा पुसायचा दिवा गेला. नवा मुंबईहून यायला उशीर होता. उन्हातही चिप पुसली जाते, फक्त कित्येक दिवस लागतात. त्यांनी स्टीलच्या परातीत चिपा मांडल्या, वरून मच्छरदाणीचं कापड बांधलं आणि परात गच्चीवर नेऊन ठेवली. रोज दुपारी जाऊन ते परात फिरवून येत, सगळ्यांना सारखं ऊन मिळावं म्हणून. शिपायानं विचारलं, "सर, तेल तापवू का? कुरडया झाल्या असतील."

म्हणूनच भरलेल्या चिपेची खिडकी काळ्या टेपनं झाकावी लागे. कागदाचं लेबल त्यांना चालत नसे. "डोळा झाकला का?" हे त्यांचं प्रत्येक चिपेमागचं विचारणं. टेप सुटली, ऊन लागलं आणि हळूहळू पुसलं गेलं तर? या 'तर'वर ते तासन् तास बसत. त्यातूनच त्यांचा तो नियम निघाला, ज्याच्याबद्दल मला लिहायचं आहे.

कोऱ्या चिपमध्ये शून्य नसतं. कोरी जागा एक या आकड्यानं भरलेली असते; शून्य मुद्दाम भरावं लागतं. म्हणून त्यांच्या प्रोग्राममध्ये शून्य म्हणजे 'हो'. बाकी काहीही असो, कोरं असो, अर्धवट पुसलेलं असो, 'नाही'.

"कोऱ्यानं गप्प बसावं," ते म्हणत. "परवानगी कोणीतरी मुद्दाम दिली पाहिजे. नकार फुकट मिळायला हवा."

आणि सगळ्यांत मोठी परवानगी कोणती? तर लाइट परत आल्यावर मशीननं स्वतःहून कॉम्प्रेसर चालू करायचा की नाही, ही. ती पहिल्या पानावर नव्हतीच. चिपमधली अगदी शेवटची जागा त्यांनी त्यासाठी राखली होती. प्रोग्राम सगळ्यांचा एक, आणि शेवटची जागा कोरी. ज्याला परवानगी द्यायची त्याच्या चिपेत तिथे शून्य भरायचं. ज्याला नाही त्याच्या चिपेला हातच लावायचा नाही.

गिऱ्हाइकांना अर्थातच परवानगी हवी असायची. पिंपळगाव बसवंतहून एक कोल्ड स्टोरेजवाले अण्णा यायचे, सरळ टेबलावर बसायचे आणि म्हणायचे, "ओ सर, लाइट रात्रीतून चारदा जाती. माझा माणूस काय बटनापाशी पाळणा बांधून झोपंल का? माल आत हाय. द्राक्षाला काय सांगू, थांब बाबा, सरांचा नियम हाय?"

"लाइट गेल्यावर आत कोण असतं?"

"आत कोन असनार? ऑपरेटर असतो."

"तो तेव्हा काय करतो?"

"मला काय म्हाईत? बिडी वढत असंल."

"मी येऊन बघतो," सर म्हणत.

आणि खरोखर जात. एस.टी.नं, डबा घेऊन. प्रत्येक कोल्ड स्टोरेजसाठी त्यांचे अकरा प्रश्न ठरलेले होते आणि ते मालकाला नाही, ऑपरेटरला विचारत. आत झोपता का? दिवसातून किती जण येतात? अंधारात कुठे हात घालता? परत आले की माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवत: हो, किंवा नाही.

या हट्टामागे काय होतं याच्या तीन गोष्टी मी ऐकल्या. धाकट्या भावाचा हात प्रेसमध्ये गेला होता, ही एक. बंगलोरच्या जुन्या नोकरीत त्यांच्याच मशीनवर कोणीतरी दगावलं, ही दुसरी. त्यांच्या स्वतःच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं, तेच कारण, ही तिसरी. त्यांनी स्वतः यातलं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपलं काम सोडून दुसरं विचारलं की ते इतके गप्प होत की दोन-दोन दिवस गाळ्यात फक्त पंख्याचा आवाज. त्यांच्याबरोबर काम करणं सुखाचं नव्हतं. कोणाचं चांगलं झालं तर ते म्हणत, "अजून तरी." साहेबांना मुलगा झाला तेव्हाही त्यांनी पेढा हातात घेऊन तेच म्हटलं.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर आठ मशीनं एकदम द्यायची होती. साहेबांना आठही आपोआप चालू होणारी हवी होती. सरांना आठही नको होती. आठवडाभर दोघांचं जोरात भांडण चाललं, म्हणजे साहेबांचं चाललं आणि सर बसून राहिले. शेवटी ते आठही ठिकाणी जाऊन आले आणि पाच ठिकाणी हो म्हणाले. तीन ठिकाणी नाही. त्या तिनांत अण्णांचं कोल्ड स्टोरेज होतं. तिथला कॉम्प्रेसरचा पट्टा सैल होता. तो उतरायचा आणि लाइट गेली की ऑपरेटर तो काठीनं ढकलून चढवायचा.

शुक्रवारी मी आठही कार्डं तपासली. माझा तपासणीचा तक्ता चौदा ओळींचा होता. सहावी ओळ: लाइट घालवून परत आणणे, मशीन थांबून राहते का पाहणे. चिपांची शेवटची जागा अजून कोरीच होती, त्यामुळे आठही मशीनं शहाण्यासारखी थांबली. मी आठही खुणा केल्या.

शनिवारी सरांच्या पत्नीला दवाखान्यात दाखल केलं, ऑपरेशनसाठी. ते आले नाहीत. शिपायाच्या हातून चिठ्ठी आली: 'पाच हो, तीन नाही. बाकी तुम्हाला माहीत आहे.'

मला माहीत होतं. हे मी स्वतःशी अनेकदा तपासून पाहिलं आहे. मला अगदी नीट माहीत होतं. पण बाहेर टेम्पो उभा होता, साहेब दर पाच मिनिटांनी डोकावत होते, आणि आदल्या महिन्यात मी चिपांसाठी एक नवा सुबक तक्ता केला होता. त्यात प्रत्येक मशीनपुढे एक चौकट. सगळ्या तक्त्यांत करतात तसं 'हो'ला एक आणि 'नाही'ला शून्य. सरांच्या पद्धतीनं तीन चौकटी रिकाम्या सोडाव्या लागल्या असत्या. माझ्या तक्त्यात रिकामी चौकट राहिलेली मला चालत नसे. मी आठही चौकटी भरल्या, मग तक्ता समोर ठेवून आठही चिपा भरल्या. पाचांत एक. तिनांत शून्य. डोळे नीट झाकले. चिपा बसवल्या. सहाव्या ओळीवर शुक्रवारची खूण होतीच. एक जागा तर भरायची, त्यासाठी सगळं पुन्हा कशाला तपासायचं?

टेम्पो गेला. मी यादीवर 'रवाना' लिहिलं आणि मला बरं वाटलं.

सोमवारपासून फोन यायला लागले. लाइट आली तरी मशीन उठत नाही. एका ठिकाणाहून, मग दुसऱ्या, मग बुधवारपर्यंत पाच. मी सगळ्यांची नोंद केली, वेळेसकट. मला वाटलं कार्डात दोष आहे.

गुरुवारी सर आले. पत्नी अजून दवाखान्यातच होत्या. दाढी वाढलेली, कालचाच शर्ट. मी नोंदी पुढे ठेवल्या.

"सर, पाच मशीनं उठत नाहीत."

"कुठली पाच?"

मी सांगितली. त्यांनी नावं बोटांवर मोजली.

"पाचच?"

"हो. बाकी तीन ठीक आहेत."

"कशावरून?"

"त्यांचा फोन आलेला नाही."

ते उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "आपोआप चालू होणाऱ्या मशीनबद्दल कोण फोन करेल, बाई?"

मला तेव्हा कळलं: सरांचा 'हो' शून्य होता, आणि नकाराच्या तिघांत मी शून्य भरलं होतं. तक्ता टेबलावरच होता, आठही चौकटी भरलेल्या.

तिघांपैकी दोघांना फोन लागला. मी त्यांना मेन स्विच बंद ठेवायला सांगितलं. पिंपळगावचा लागेना. साहेबांनी गाडी काढली. मी पुढे बसले. सर मागे, खिशात शेवटची जागा कोरी असलेल्या दोन चिपा. वाटेतलं ओझर मागे पडलं. मग सर एवढंच म्हणाले, "लाइट आज गेली का?"

"सकाळी गेली होती ना," साहेब म्हणाले. "सगळीकडेच गेली होती."

कोल्ड स्टोरेजच्या फाटकात कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू येत होता. एकसारखा, निरोगी आवाज. बाहेर दोन बायका हौदापाशी क्रेट धूत होत्या. त्यांतली एक आम्हाला पाहून उठली.

"तुमी मशीनवाले का? उशीर केला. सकाळी न्हेलं त्याला. कांद्याच्या टेम्पोत घालून न्हेलं."

"मशीन कोणी चालू केलं?" सरांनी विचारलं.

"कोनी नाय. लाइट आली आन् त्येचं त्येच उठलं."

ते आत गेले. लाल बटण दाबलं. आवाज खाली-खाली येत थांबला. अण्णा धावत आले, "ओ, बंद काय करता! माल हाय आत, लय माल हाय!" सरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. पेटी उघडली, चिप काढून खिशात टाकली, दुसरी बसवली. मेन स्विच बंद केला, चालू केला. मशीन जागं झालं, सगळं तपासून झालं आणि थांबून राहिलं. पट्ट्यावर आणि जमिनीवर पाणी टाकून धुतलेलं होतं, तरी रक्त दिसत होतं. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

"आहे का कोणी? हात बाजूला."

साहेब, अण्णा आणि मी मागे उभे होतो, जमिनीकडे बघत. मग क्रेट धुणारी ती बाई दारातून म्हणाली, "हाय. घेतले." तेव्हा त्यांनी हिरवं बटण दाबलं.

ऑपरेटर नाशिकच्या सरकारी दवाखान्यात होता. सरांच्या पत्नी वरच्या मजल्यावर, हा खालच्या. चाळिशीचा, सुरगाण्याच्या डोंगराकडचा माणूस. हंगामापुरता खाली उतरायचा, भाताच्या वेळी परत जायचा. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. आम्ही पलंगाशी उभे राहिलो तर तोच उठून बसायला लागला, पाहुणे आल्यासारखा.

"पट्टा उतरला हुता," तो म्हणाला. "मशीन काल सांजच्याला बसलं, आन् त्यानंतर पैल्यांदाच लाइट गेली हुती. म्हनलं चढवून घेऊ."

"लाइट येईल असं वाटलं नाही?" साहेबांनी विचारलं.

त्यानं सरांकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला अजून सोसत नाही. "आली तरी काय? ह्या सायेबांनीच सांगितलं हुतं ना. तुमी बटन दाबल्याबिगर ह्ये उठत नाय. म्हून तर हात घातला. पैलं मशीन हुतं तवा मी पट्ट्याला हात लावत नव्हतो, काठीनं ढकलायचो."

सर बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग वर पत्नीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायचा होता. साहेब वाईट माणूस नव्हते. गाळ्यात वीस जण कामाला होते आणि त्यांना ती वीस घरं दिसत होती. ते म्हणाले, "लाइटचा दाब कमीजास्त झाला असं लिहू. होतोच की."

"लाइट बरोबर होती," सर म्हणाले. "चिप चूक होती."

"मग नाव कोणाचं घालू?"

"माझं."

मी म्हणाले, "सर, आकडे मी भरलेत."

"तुम्ही भरलेत. पण हो म्हणजे शून्य, हे मी केलं. माझ्याशिवाय कोणाला बरोबर करता येणार नाही अशी गोष्ट मी इथे चालू ठेवली. आणि खरं सांगू का, मला ते आवडत होतं." त्यांनी कागद ओढून स्वतःच लिहिलं, सही केली. मला त्या क्षणी सुटका वाटली. ते लिहून ठेवते.

बाहेर पडताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. मला वाटलं, काहीतरी धीराचं बोलतील.

"तुमची चूक वेगळी आहे. ती तुम्ही शोधा. मी सांगणार नाही."

त्यानंतर ते गाळ्यात आले नाहीत. चूक शोधायला मला फार वेळ लागला नाही. रिकामी चौकट नव्हे. ती माझी खोड. चूक होती सहाव्या ओळीवरची शुक्रवारची खूण. आत काय आहे ते बदललं होतं आणि खूण जुनी होती.

आणि एवढं होऊन काय बदललं? पाच गिऱ्हाइकांनी मशीन उठत नाही म्हणून आरडाओरडा केला होता. बोटं एकाचीच गेली होती. पुढच्या हंगामात साहेबांनी सगळ्याच मशीनांत शून्य, म्हणजे 'हो', भरायला सांगितलं. आता चिपा भरणारी मीच होते. मी शून्यं भरली. भरण्याआधी एकच अट घातली: कॉम्प्रेसरच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवलेली मी डोळ्यांनी बघेन, मगच चिप द्यायची. जाळी गिऱ्हाइकानं बसवायची असल्यामुळे साहेब लगेच हो म्हणाले. माझ्या तक्त्यात ती पहिली ओळ झाली. खूण रोजची रोज, जागेवर उभं राहून.

जाळीचं सांगायला मी त्यांच्याकडे गेले, पण वर्ष-दीड वर्ष उशिरा. सातपूर कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर. त्यांच्या पत्नी मधल्या काळात गेल्या होत्या, तेही मला दारात कळलं. चहा त्यांनीच केला. दुधाचा. "तिला लागायचा," म्हणाले, म्हणून तसाच करत होते.

मी जाळीचं सांगितलं. ते ऐकत राहिले. कप तसाच हातात.

"जाळी," ते म्हणाले. "माझे अकरा प्रश्न होते. आत कोण असतं, कुठे झोपतो, कुठे हात घालतो. पट्ट्यावर जाळी आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मी त्याला शब्द दिला. जाळी द्यायला हवी होती."

ऑपरेटर अजून तिथेच कामाला आहे आणि डाव्या हातानं बटण दाबतो, हे सांगायचं ठरवून आले होते. यादीत होतं. सांगितलं नाही.

दिवेलागण झाली आणि लाइट गेली. ते लगेच उठले. भिंत चाचपत दोन्ही खोल्यांतून फिरून आले, एकेक बटण बंद झाल्याचा आवाज मी मोजत होते. मग समोर येऊन बसले. आम्ही अंधारात बसलो. त्यांच्या श्वासाला आता बारीक घरघर होती.

बऱ्याच वेळानं कॉलनीत पोरांचा "आली!" असा ओरडा झाला आणि समोरच्या सगळ्या खिडक्या उजळल्या. त्यांचं घर तसंच. ते उठले, बटणापाशी जाऊन उभे राहिले. समोरच्या उजेडात त्यांचा हात तेवढा दिसत होता, बटणावर ठेवलेला.

"आहे का कोणी?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

आतून कोणी उत्तर देणार नव्हतं. ते वाट पाहत उभे राहिले. मी पाहत राहिले. त्यांनी हात बटणावरून खाली घेतला. मग माझ्या लक्षात आलं की विचारलंय ते मलाही लागू आहे.

"आहे, सर."

"कोण?"

"यादीबाई."

"हात बाजूला."

माझे हात मांडीवरच होते, कुठल्याही पट्ट्यापासून मैलभर लांब. तरी मी ते उचलून छातीशी घेतले आणि म्हणाले, "घेतले."